वसतिगृहात मुलांची सभा कशी सुरू करावी: नव्या अधीक्षकांसाठी आणि शिक्षकांसाठी

निवासी शाळेत नव्याने रुजू झालेल्यांसाठी हे लिहिते आहे. आश्रमशाळा असो, एखाद्या संस्थेचे वसतिगृह असो की कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय, पहिल्याच आठवड्यात तुमच्या हातात किल्ल्यांचा जुडगा आणि नियमांचा कागद पडतो. उठायची वेळ, आंघोळीची वेळ, अभ्यासाची वेळ, दिवे बंद करायची वेळ. ज्या मुलांसाठी हा कागद असतो, त्यांना त्यातली एक ओळही कुणी विचारलेली नसते. गावातल्या शाळेतले मूल पाचला घरी जाते. आपल्याकडचे मूल कुठेच जात नाही. त्याचे खाणे, झोपणे, रुसणे, भांडणे, आजारपण सगळे इथेच. म्हणून निवासी शाळेत बालकेंद्री शिक्षण आहे की नाही, हे मी आधी पाण्याच्या टाकीपाशी आणि जेवणाच्या पंगतीत पाहते, फळ्यापाशी नंतर.

इंग्लंडमध्ये सफक परगण्यात लेस्टन या गावी समरहिल नावाची निवासी शाळा आहे. ए. एस. नील यांनी ती १९२१ मध्ये जर्मनीत ड्रेस्डेनजवळ सुरू केली आणि १९२७ पासून ती लेस्टनला आहे. तिथे तासाला बसायचे की नाही हे मूल स्वतः ठरवते, त्यामुळे चर्चा नेहमी त्याचीच होते. पण त्या शाळेचा कणा म्हणजे तिथली सभा. लहान मुलाला एक मत, मोठ्यांनाही एकच मत. झोपायच्या वेळासुद्धा सभेत ठरतात आणि त्या पाळल्या जातात की नाही हे निवडून दिलेली मुलेच पाहतात. १९९९ मध्ये सरकारी तपासणीनंतर शाळेवर गंडांतर आले, प्रकरण न्यायाधिकरणापुढे गेले. मार्च २००० मध्ये लंडनला तडजोडीचा मसुदा समोर आला, तेव्हा मुलांनी सुनावणीच्या त्याच दालनात आपली सभा भरवली आणि तो मान्य करायचा की नाही यावर चर्चा करून मत दिले.

आपल्याकडे तास ऐच्छिक करता येणार नाहीत आणि तसे करा असे माझे म्हणणेही नाही. पण सभा घेता येते. त्याला खर्च जवळजवळ नाही. लागते ती तयारी.

काय काय लागेल

दोन जाड वह्या (एक विषयांची, एक ठरावांची), सगळ्यांना दिसेल असे भिंतीवरचे घड्याळ, चिठ्ठ्यांसाठी झाकणाचा डबा, आठवड्यातला एक ठरलेला तास आणि मुख्याध्यापकांची सही असलेले एक पानभर पत्र. पत्रात सभा केव्हा होईल आणि कोणत्या विषयांवर तिचा निर्णय अंतिम राहील, एवढे लिहिलेले असले की पुरे. हे पत्र तोंडी चालवून नेऊ नका. पहिली कुरबूर झाली की तोंडी परवानगी कुणाच्या लक्षात राहत नाही.

१. सभेचे विषय कोणते, हे आधी ठरवा

सगळ्यात जास्त सभा इथेच फसतात. उत्साहाच्या भरात ‘आजपासून सगळे तुम्हीच ठरवायचे’ असे मुलांना सांगितले जाते. मग मुले ठरवतात की रविवारी नदीवर पोहायला जायचे, आणि आपल्याला नाही म्हणावे लागते. त्या दिवशी मुलांना कळते की ही सभा लुटुपुटीची आहे. पुढच्या आठवड्यात सगळी गप्प बसतात. त्यांची चूक नसते.

म्हणून सुरुवातीलाच तीन याद्या करा. पहिली, सभा ठरवेल आणि आपण पाळू: सफाईच्या पाळ्या, खेळाच्या साहित्याची वाटणी, टीव्हीवर काय लावायचे, पलंगांची रचना, रविवारची दुपार, ग्रंथालयाची वेळ, आपसातली भांडणे. दुसरी, सभा सुचवेल आणि आपण आठवड्याच्या आत उत्तर देऊ: जेवण, सहल, फोनच्या वेळा, अभ्यासाचे तास. आहाराचे प्रमाण वरून ठरून येते, ते सभेला बदलता येत नाही. पण कोणत्या वारी मटकी आणि कोणत्या वारी चवळी, हे बहुतेक ठिकाणी बदलता येते. तिसरी, सभेत येणारच नाही: औषधोपचार, आगीची आणि विजेची सुरक्षितता, बाहेर जाण्याची परवानगी, कर्मचाऱ्यांच्या नेमणुका. समरहिललाही नेमणुका आणि पैशांचा कारभार सभेच्या हातात नाही.

तिसऱ्या यादीत एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहा. कुणी कुणाला नको तसा स्पर्श केला, धमकावले, लैंगिक त्रास दिला, असे काही कानावर आले तर ते सभेत कधीही मांडायचे नाही आणि आपसात मिटवायचेही नाही. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ज्याला अशी माहिती मिळते त्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवणे हा गुन्हा आहे. मुलांसाठीचा १०९८ हा मदतीचा फोन क्रमांक सभेच्या जागेवर मोठ्या अक्षरांत लावून ठेवा. तक्रारपेटीही वेगळीच राहू द्या, सभेच्या डब्यात ती मिसळू नका.

२. मोठ्यांशी आधी बोला

मुलांना पटवावे लागत नाही, मोठ्यांना पटवावे लागते.

मुख्याध्यापक आणि संस्थाचालक यांच्यासमोर कायदा ठेवा. शिक्षण हक्क कायदा २००९ मधले कलम २९ सांगते की शिक्षण बालकेंद्री असावे, मूल भीतीपासून मुक्त असावे आणि त्याला आपले मत मोकळेपणाने मांडता यावे. कलम १७ शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी करते. बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९९२ मध्ये स्वीकारला, त्याच्या १२ व्या कलमात मुलाशी संबंधित बाबींत त्याचे मत विचारात घेण्याची तरतूद आहे. म्हणजे आपण वेगळे खूळ काढत नाही, कायद्यात लिहिलेले काम करतो आहोत. हे एवढे शांतपणे सांगितले की विरोध पुष्कळ निवळतो.

स्वयंपाकाच्या मावशींशी मात्र कायद्याची भाषा बोलू नका. त्यांची धास्ती निराळी असते: पोरे सगळ्यांसमोर भाजीला नावे ठेवतील आणि साहेब आपल्याला बोलतील. म्हणून त्यांना आधीच शब्द द्या की सभेत माणसाचे नाव घेऊन तक्रार होणार नाही, जिन्नसाबद्दल बोलणे होईल. त्यांनाही सभेला बोलवा, त्यांनाही एक मत द्या. भात रोज तळाशी का लागतो, याचे उत्तर त्यांच्याइतके कुणाला माहीत नसते.

पालक म्हणतील, ‘पोरं शेफारतील.’ त्यांना सेवाग्रामचे उदाहरण द्या. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर गांधीजींच्या नई तालीमची शाळा तिथे उभी राहिली. मुले सफाईपासून स्वयंपाकापर्यंतची कामे पाळीने करत आणि ही कामे म्हणजेच शिक्षण मानले जाई. डॉ. अभय बंग त्या शाळेचे विद्यार्थी. जबाबदारी हातात आल्याने मूल बिघडते, ही भीती आपल्या मातीतल्या अनुभवाशी जुळत नाही.

३. जागा, वेळ आणि भाषा

वार आणि वेळ एकदा ठरली की हलवायची नाही. आमच्याकडे बुधवारी संध्याकाळी, जेवणाआधी. जेवणानंतर लहान मुले पेंगतात आणि निर्णय मोठ्यांच्या हातात जातात. चाळीस ते पन्नास मिनिटांत संपवा. उरलेले विषय पुढच्या आठवड्यात.

सगळे जमिनीवर गोल बसतील, तुम्हीसुद्धा. तुम्ही खुर्चीवर बसलात तर गोलाला आपोआप एक टोक येते आणि प्रत्येक मूल त्या टोकाकडे बघून बोलते. गोलात बसतानाही तुम्ही लहानांच्या मध्ये बसा, अध्यक्षांच्या शेजारी नको.

दीडदोनशे मुलांचे वसतिगृह असेल तर सगळ्यांची एकत्र सभा पहिल्या वर्षी घेऊ नका. खोल्यांप्रमाणे चाळीसएक मुलांचे गट करा, प्रत्येक गटाची आपली सभा, आणि महिन्यातून एकदा सगळ्यांची मोठी.

भाषेबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण इथे चांगली चांगली माणसे आडवी येतात. घरी पावरी, कोरकू, वारली, गोंडी किंवा माडिया बोलणारे मूल प्रमाण मराठीत बोलायचे म्हटले की गप्प होते. त्याच्या मनात काही नाही म्हणून नव्हे. सभेत ज्याला जी भाषा जवळची त्या भाषेत बोलू द्या, शेजारचे मूल मराठीत सांगेल. ‘नीट बोल’ हे दोन शब्द सभेत कुणीही उच्चारायचे नाहीत, असा नियमच असू द्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला मुले जिथे होती तिथे शाळा नेली, अंगणात आणि गुरे चरतात त्या कुरणातसुद्धा. आपल्याला तर मुलांच्या भाषेपर्यंतच जायचे आहे.

४. अध्यक्ष आणि लेखनिक

अध्यक्ष मुलांपैकीच. वर्गात पहिली येणारी किंवा मॉनिटर असलेली मुलगी आपोआप अध्यक्ष करू नका. पाचवीपासून पुढच्या, तयार असलेल्या सगळ्यांची नावे डब्यात टाका, चिठ्ठी काढा, एक महिन्यासाठी. अध्यक्षाला तीनच कामे: हात वर केलेल्यांना क्रमाने बोलू देणे, विषय भरकटला की परत आणणे, आणि मत घेणे. त्यासाठी लागणारी वाक्ये आदल्या दिवशी म्हणून घ्या: ‘आधी रेश्मा, मग सुनीता.’ ‘हा विषय पुढच्या बुधवारी.’ ‘कुणाला आणखी काही सांगायचे आहे? नसेल तर मत घेऊ.’ लाजरी मुलगीही दोन सभांत तयार होते.

लेखनिकाला घाई करू नका. ठराव लिहून होईपर्यंत सगळ्यांनी थांबायचे, मग तिने तो मोठ्याने वाचायचा. या थांबण्यातच मुलांना कळते की आपले बोलणे वाऱ्यावर जात नाही.

पुष्कळ शाळांत शालेय मंत्रिमंडळ असते. जूनमध्ये मोबाइलवर मतदान यंत्र करून निवडणूक होते, मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, स्वच्छतामंत्री शपथ घेतात, फोटो निघतात. निवडणूक छान होते, पण पुढे वर्षभर त्या मंत्र्यांचे काम काय? बहुतेक ठिकाणी ‘कोण गोंधळ घालते ते मला येऊन सांगा’. मुले मग मंत्र्याला खबऱ्या म्हणून ओळखू लागतात. तुमच्याकडे मंत्रिमंडळ असेल तर मोडू नका, पण त्याला सभेपुढे उत्तर द्यायला लावा. सफाईमंत्री सभेत सांगेल की या आठवड्यात काय झाले आणि काय राहिले.

५. पहिला विषय छोटा घ्या, पण खरा घ्या

‘शिस्तीचे महत्त्व’ असला विषय पहिल्या सभेत ठेवलात तर भाषणे होतील. ज्यावरून मुले रोज सकाळी भांडतात तो विषय घ्या. आमच्याकडे तो गरम पाण्याचा होता.

छतावरच्या सोलरचे पाणी थंडीत जेमतेम निम्म्या मुलींना पुरायचे. नववी-दहावीच्या मुली पहाटे उठून बादल्या रांगेत लावायच्या आणि परत जाऊन झोपायच्या. लहान मुली कुडकुडत मागे उभ्या. सभेत बराच वेळ कुणी बोलेना. मग पाचवीतली एक मुलगी उभी राहिली. ‘ताई, बादली रांगेत उभी राहते आणि त्या दीदी झोपतात. आम्ही उभ्या राहतो तरी आमचा नंबर मागे.’ मोठ्या मुलींत खसखस पिकली, पण दहावीतलीच एक म्हणाली, ‘खरं आहे तिचं.’

ठराव झाला: रांगेत माणूस उभा असेल तरच नंबर. गरम पाणी प्रत्येकीला अर्धी बादली. मंगळवारी आणि गुरुवारी पाचवी-सहावीचा नंबर आधी.

आठवड्यात तो मोडला. दहावीला सकाळी जादा तास होता, रांगेत उभे राहिले की तास चुकायचा. पुढच्या बुधवारी विषय परत आला. मी तोंडाशी आलेला तोडगा गिळून गप्प बसले. मुलींनी स्वतःच दुरुस्ती केली: जादा तास असेल त्या दिवशी दहावीचा नंबर आधी, पण त्या दिवशी त्यांना पाव बादलीच गरम. कमी पाण्याच्या बदल्यात आधीचा नंबर, ही देवघेव मला सुचली नसती.

ठराव मोडला म्हणजे सभा फसली, असे समजू नका. मोडलेला ठराव परत सभेत येणे, याच्यासाठीच तर ती आहे.

६. मत घेताना

साध्या विषयाला हात वर करून. ज्यात मोठ्या मुलांची दहशत असू शकते तिथे चिठ्ठी. हात वर करताना लहान मुले आधी मोठ्यांकडे बघतात का, यावर लक्ष ठेवा. बघत असतील तर पुढचे दोन महिने सगळे चिठ्ठीनेच.

बहुमताने काय ठरवता येत नाही, हेही सांगावे लागते. एका पाड्याच्या, एका जातीच्या, एका जमातीच्या मुलांना वेगळे बसवायचे, त्यांनाच संडास सफाई द्यायची, असले काही शंभर विरुद्ध दोन मतांनी आले तरी ते बाद. हे तुम्ही त्याच क्षणी, शांतपणे आणि कारण सांगून बाद करायचे. ते मुख्याध्यापकांच्या पत्रातही लिहून ठेवा.

तुमचे मत एकच. हात सगळ्यांत शेवटी वर करा, नाहीतर अर्धी सभा तुमच्या मागून येईल. आणि हरलात तर हरलात. मुले या एका गोष्टीची वाट बघत असतात.

७. भांडणे, चोऱ्या आणि शिक्षा

मुलांच्या हातात शिक्षा दिली तर ती मोठ्यांपेक्षा कडक निघते. ‘त्याला आठवडाभर कुणी बोलायचे नाही’, ‘त्याचे जेवण बंद’, ‘सगळ्यांसमोर उठाबशा’. मुलांनी हे आपल्याकडूनच पाहिलेले असते.

म्हणून पहिल्या भांडणाआधीच काय करायचे नाही ते ठरवून घ्या. मारणे, उपाशी ठेवणे, झोप तोडणे, घरचा फोन बंद करणे, गळ्यात पाटी अडकवणे, वाळीत टाकणे हे कुठल्याही ठरावात येणार नाही. राहते ते भरपाईचे: मोडले ते दुरुस्त करणे, सांडले ते पुसणे, ज्याचे नुकसान झाले त्याला विचारून काहीतरी करणे.

इथे यानुश कोर्चाक यांचे काम माहीत असणे फार उपयोगी पडते. हे पोलंडमधले डॉक्टर आणि लेखक. वॉर्सा शहरात १९१२ मध्ये उघडलेला ज्यू अनाथ मुलांचा आश्रम त्यांनी चालवला आणि तिथे मुलांचे न्यायालय सुरू केले. त्या आठवड्यात ज्यांच्यावर तक्रार नाही अशा मुलांतून चिठ्ठीने पाच न्यायाधीश निवडले जात. त्यांच्या संहितेची सुरुवातच अशी की कुणी वाईट वागले तर क्षमा करणे सगळ्यात चांगले. पहिली ९९ कलमे शिक्षेची नव्हतीच, प्रकरण सोडून देण्याची आणि माफीची होती. नंतर १००, २०० अशी जड होत जाणारी, आणि शेवटचे १००० वे, आश्रमातून काढण्याचे. कोर्चाक सहा महिन्यांत पाच वेळा स्वतः त्या न्यायालयापुढे उभे राहिले, त्यातले एक प्रकरण मुलाच्या कानशिलात मारल्याचे होते. १९४२ च्या ऑगस्टमध्ये ते आपल्या मुलांसोबत ट्रेब्लिंकाच्या नाझी मृत्युछावणीत गेले आणि तिथेच मारले गेले.

यातून दोन गोष्टी घ्या. भांडण सभेत येण्याआधी दोन मोठ्या मुलांनी ते मिटवायचा प्रयत्न करायचा, त्यांना आम्ही मध्यस्थ म्हणतो. समरहिललाही अशी निवडलेली मुले असतात. दहातली सातआठ भांडणे तिथेच संपतात. दुसरे म्हणजे, मोठ्यांवरही तक्रार करता आली पाहिजे. मुलांना जेवताना मोबाइल बंद आणि तुमचा सुरू, हा विषय कधीतरी येईलच. आला की सभेचे ऐका.

चोरीचा विषय मात्र जपून. नावानिशी आरोप सभेत घेऊ नका, पेट्या तपासणे तर मुळीच नको. ‘वस्तू जाताहेत, काय करू या’ एवढाच विषय घ्या. बहुतेकदा मुले कुलपाची मागणी करतात किंवा वस्तू गुपचूप परत ठेवायला एक जागा सुचवतात. तेल-साबण जात असेल तर ज्याच्याकडे ते नाहीच असे मूल कोण, हे तुम्ही आधी शोधा.

८. ठरावांची वही

प्रत्येक ठरावासमोर चार रकाने: तारीख, काय ठरले, कोण करणार, पुढच्या सभेत काय आढळले. शेवटचा रकाना रिकामा राहू देऊ नका. दुसऱ्या यादीतल्या सूचनांना मुख्याध्यापकांचे उत्तर त्याच वहीत, कारणासह. ‘नाही’ असले तरी चालते, उत्तरच न येणे चालत नाही. तपासणीला कुणी आले तर ही वही पुढे करा.

९. पहिल्या काही महिन्यांत काय होईल

सुरुवातीला गोंगाट होईल, मग नियमांचा पूर येईल, नंतर कंटाळा. कंटाळ्याच्या वेळी बहुतेक जण सभा बंद करतात. करू नका. विषय नसेल तर दहा मिनिटांत संपवा, पण भरवा. परीक्षेच्या आठवड्यातही भरवा, तेव्हाच भांडणे जास्त असतात.

दोनचार मुलेच सारखी बोलत असतील तर बोलण्याआधी शेजारच्याशी दोन मिनिटे बोलायचे, अशी पद्धत ठेवा. लहानांचे म्हणणे मग दुसऱ्याच्या तोंडून तरी बाहेर येते.

१०. बदली झाली तर

सभा तुमच्या नावावर चालत असेल तर ती तुमच्याबरोबर जाईल. म्हणून वर्ष संपण्याआधी दोन मोठ्या मुलांना पुढच्या अध्यक्षांची तयारी करून घ्यायला सांगा. कार्यभार देताना किल्ल्या आणि साठा नोंदवही यांच्याबरोबर सभेच्या दोन्ही वह्या आणि मुख्याध्यापकांचे पत्र यादीत लिहून द्या, नव्या अधीक्षकांची सही घ्या. जमल्यास त्यांना तुमच्या शेवटच्या बुधवारी सभेत बसवा, मुलांनी त्यांना पद्धत समजावून सांगू दे.